बाल्टिक समुद्रातील ऑक्सिजनच्या नोंदी: मापनाचा दीडशे वर्षांचा इतिहास

१. प्रस्तावना

पर्यावरणाच्या इतिहासात आपण जंगले, नद्या, दुष्काळ आणि कालवे यांचा अभ्यास करतो. त्यासाठी लागणारी साधने आपल्या ओळखीची असतात: महसुली दप्तरे, गॅझेटियर, प्रवासवर्णने, नकाशे, लोकांच्या आठवणी. समुद्राच्या तळाशी मात्र दप्तर ठेवणारा कोणी नसतो. शंभर वर्षांपूर्वी दोनशे मीटर खोल पाण्यात काय परिस्थिती होती, हे डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार आपल्याला मिळणार नाही. तिथे मुख्य साधन एकच असते. कोणीतरी एके दिवशी जहाजावरून बाटली खाली सोडलेली असते, पाणी वर आणून त्यातला ऑक्सिजन मोजलेला असतो आणि तो आकडा तारखेसह वहीत लिहिलेला असतो.

या पाठात आपण उत्तर युरोपातील बाल्टिक समुद्राच्या अशा नोंदींचा इतिहास पाहणार आहोत. आज या समुद्राच्या खोल भागातील मोठ्या क्षेत्रात मासे जगू शकतील एवढा ऑक्सिजन नाही. हे निसर्गक्रमाने झाले की माणसाने केले, हा प्रश्न १९६०च्या दशकापासून गंभीरपणे विचारला जाऊ लागला. तो केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा नव्हता. दोष निसर्गाचा असेल, तर वाट पाहण्याखेरीज फारसे काही करता येत नाही. दोष शेतातल्या खतांचा आणि शहरांच्या सांडपाण्याचा असेल, तर किनाऱ्यावरच्या प्रत्येक सरकारला खर्च करावा लागतो, शेतकऱ्यांवर बंधने येतात आणि शेजारच्या देशाकडेही जाब मागता येतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधता आले, कारण हा प्रश्न कोणाच्या मनातही नव्हता तेव्हापासून काही लोक त्या समुद्राचे पाणी मोजत आले होते. त्यांचा हेतू वेगळा होता, पण नोंद जपली गेली. या पाठाचे मुख्य प्रतिपादन असे आहे: दीर्घकाळ आणि तुलना करता येईल अशा पद्धतीने ठेवलेली नोंद असेल, तरच निसर्गाचे काम आणि माणसाचे काम वेगळे करता येते, आणि ती नोंद जिथे तुटते, तिथे आपली समजूतही चुकू शकते.

२. समुद्राची घडण

पुढचा इतिहास समजण्यासाठी आधी या समुद्राची रचना लक्षात घ्या. बाल्टिक समुद्राचे क्षेत्रफळ सुमारे ४ लाख चौरस किलोमीटर आहे, पण त्याची सरासरी खोली केवळ ५५ मीटरच्या आसपास आहे. त्याच्या तळाला मधूनमधून खोल खळगे आहेत. स्वीडनच्या किनाऱ्याजवळचा लांडसोर्ट खळगा ४५९ मीटर खोल आहे. गोटलंड बेटाच्या पूर्वेचा गोटलंड खळगा सुमारे २५० मीटरचा आहे.

महासागराशी या समुद्राचा संबंध फक्त डेन्मार्कजवळच्या अरुंद सामुद्रधुनींतून येतो. तिथला तळ इतका उथळ आहे, की एका वाटेवर तो सुमारे १८ मीटरवर आणि दुसरीकडे जेमतेम ८ मीटरवर येतो. घराच्या दाराला उंबरा असावा तसे हे दोन उंबरे आहेत. दुसऱ्या बाजूने असंख्य नद्या गोडे पाणी आणून ओततात. त्यामुळे मध्य बाल्टिकच्या पृष्ठभागाचा खारटपणा दर हजारी ६ ते ८ एवढाच असतो. महासागरात तो ३५ च्या घरात असतो.

खारे पाणी जड असते. सामुद्रधुनीतून आत आलेले पाणी तळाशी सरकते आणि हलके, कमी खारट पाणी त्याच्यावर राहते. मध्य बाल्टिकमध्ये ६० ते ८० मीटर खोलीवर या दोन थरांमधली सीमा असते. हिवाळ्यात वरचे पाणी थंड होते, वादळांनी घुसळते आणि हवेतला ऑक्सिजन भरपूर घेते. थंड पाण्यात ऑक्सिजन अधिक मावतो. इथल्या हिवाळ्यातल्या पृष्ठजलात लिटरमागे सुमारे ९ मिलिलिटर ऑक्सिजन असू शकतो. पण ही घुसळण त्या सीमेपाशी थांबते. सीमेखालचे पाणी झाकण लावलेल्या भांड्यातल्या पाण्यासारखे असते. वरून पडणारे मृत प्लवक आणि इतर सेंद्रिय पदार्थ तिथे कुजतात, कुजताना ऑक्सिजन खर्च होतो आणि नवा ऑक्सिजन वरून येत नाही.

मग तळाला ऑक्सिजन मिळतो कसा? अधूनमधून, विशेषतः शरद आणि हिवाळ्यात, आधी पूर्वेकडचे वारे बाल्टिकमधले पाणी बाहेर ढकलतात आणि नंतर पश्चिमेचे जोरदार वारे अनेक दिवस वाहत राहतात. तेव्हा उत्तर समुद्राकडचे खारे, ऑक्सिजनयुक्त पाणी मोठ्या प्रमाणात उंबरे ओलांडून आत येते. ते जड असल्याने खळग्यांमध्ये उतरते आणि तिथले जुने पाणी वर ढकलते. या घटनेला आपण ‘मोठा अंतर्वाह’ म्हणू. हा शब्द पुढे पुन्हा येणार आहे.

३. मापनाची सुरुवात: मासळीचा प्रश्न

समुद्राच्या पाण्याचे रासायनिक मापन युरोपात सुरू झाले, त्यामागे मासेमारीचे अर्थकारण होते. जर्मनीत १८७० मध्ये कील येथे जर्मन समुद्रांच्या शास्त्रीय संशोधनासाठी एक आयोग नेमला गेला. त्याच्या वतीने १८७१ मध्ये ‘पोमेरानिया’ हे जहाज बाल्टिकमध्ये फिरले. त्या मोहिमेतले रसायनशास्त्रज्ञ ऑस्कर याकोबसेन यांनी पाणी उकळून त्यातले वायू बाहेर काढण्याची आणि मोजण्याची पद्धत वापरली. पद्धत शास्त्रशुद्ध होती, पण वेळखाऊ होती. हलत्या जहाजावर दिवसाला शेकडो नमुने अशा रीतीने तपासणे शक्य नव्हते. स्वीडनमध्ये एफ. एल. एकमन यांनी १८७७ मध्ये बाल्टिकची विस्तृत पाहणी केली.

त्याच १८७७ साली स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर, बोहुसलेन भागात, एक लक्षणीय गोष्ट घडली. सुमारे सत्तर वर्षे दूर राहिलेली हेरिंग मासळी पुन्हा मोठ्या थव्यांनी किनाऱ्याला येऊ लागली. गावेच्या गावे या मासळीवर उभी राहत आणि ती गेली की ओस पडत. मासळी का येते आणि का जाते, हे कळणे म्हणजे हजारो कुटुंबांच्या पोटाचा प्रश्न सोडवणे होते. ओटो पेटरसन हे स्टॉकहोममधील रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि त्यांचे सहकारी गुस्ताफ एकमन यांनी १८९०च्या दशकात पाण्याचा खारटपणा आणि तापमान मोजून दाखवले, की हेरिंगचे थवे एका विशिष्ट खारटपणाच्या पाण्याबरोबर येतात. मासा शोधायचा तर आधी पाणी ओळखा, असा त्याचा अर्थ होता.

पेटरसन यांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. पाणी सीमा पाळत नाही. एका देशाने एका महिन्यात आणि दुसऱ्याने दुसऱ्या महिन्यात मोजले, तर दोन्ही आकडे निरुपयोगी ठरतात. म्हणून सर्व देशांनी वर्षातून चार वेळा, ठरलेल्या काळात, ठरलेल्या ठिकाणी मोजावे, असा आग्रह त्यांनी धरला.

४. विंकलरची बाटली

या आग्रहाला व्यवहारात आणणारे साधन समुद्रापासून दूर असलेल्या बुडापेस्टमध्ये तयार झाले होते. हंगेरियन रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये, वयाच्या पंचविशीत, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याची एक सोपी पद्धत प्रसिद्ध केली. तुमच्यापैकी रसायनशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र शिकणाऱ्यांनी ती प्रयोगशाळेत केलीही असेल.

काचेच्या बुचाची बाटली हवेचा बुडबुडा न राहता पाण्याने काठोकाठ भरायची. त्यात मँगनीजचा क्षार आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचे. पाण्यात ऑक्सिजन असेल, तर मँगनीजचा साका तपकिरी होतो. ऑक्सिजन नसेल, तर तो पांढराच राहतो. मग आम्ल घातले की साका विरघळतो आणि जेवढा ऑक्सिजन होता त्या प्रमाणात आयोडिन मोकळे होते. ते थायोसल्फेटच्या द्रावणाने अनुमापन करून मोजायचे. शेवटी घातलेल्या स्टार्चचा निळा रंग नाहीसा झाला की मोजणी पूर्ण होते.

इतिहासाच्या दृष्टीने या पद्धतीचे महत्त्व तीन गोष्टींत आहे. एक, तिला महागडी उपकरणे लागत नाहीत. दोन, ऑक्सिजन जहाजावरच लगेच साक्यात ‘बांधला’ जातो, त्यामुळे अनुमापन थोड्या वेळाने केले तरी चालते. तीन, तत्त्व न बदलता ती आजही वापरात आहे. म्हणूनच विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आकडा आणि आजचा आकडा शेजारी शेजारी ठेवता येतो. जुन्या नाण्यांचे वजन आजच्या तराजूत करता यावे, तशी ही सोय आहे.

५. सर्वांचे माप एक: १८९९ ते १९१४

स्टॉकहोम येथे १८९९ मध्ये आणि क्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ओस्लो, येथे १९०१ मध्ये परिषदा झाल्या. त्यांतून २२ जुलै १९०२ रोजी कोपनहेगन येथे आंतरराष्ट्रीय समुद्र संशोधन परिषद स्थापन झाली. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, जर्मनी, रशिया, ब्रिटन, नेदरलँड्स आणि फिनलंड हे तिचे संस्थापक सभासद. फिनलंड त्या वेळी रशियन साम्राज्यातील एक ग्रँड डची होता, तरीही शास्त्रीय कामात त्याला स्वतंत्र जागा मिळाली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

या परिषदेचे काम केवळ सभा भरवण्याचे नव्हते. डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ मार्टिन क्नुडसेन यांनी १९०१ मध्ये जलशास्त्रीय तक्ते प्रसिद्ध केले. पाण्यातील क्लोराइडचे प्रमाण कळले की त्यावरून खारटपणा आणि घनता काढता येईल, अशी ती कोष्टके होती. त्याचबरोबर ‘प्रमाण समुद्रजल’ नावाची गोष्ट आली. काळजीपूर्वक तपासलेले समुद्राचे पाणी काचेच्या नळ्यांत बंद करून, पुढे अनेक दशके कोपनहेगनहून, निरनिराळ्या देशांच्या प्रयोगशाळांना पाठवले जाई. प्रत्येक रसायनशास्त्रज्ञ आपले द्रावण आधी त्या पाण्यावर पडताळून घेई. बाजारात सरकारी शिक्क्याचे माप असते, तसेच हे होते. हेलसिंकीचा आकडा आणि कीलचा आकडा एकमेकांशी बोलू लागले ते या नळ्यांमुळे.

फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर अशा चार फेऱ्या सुरू झाल्या. फिनलंडने ‘नॉटिलस’ हे जहाज या कामासाठी आणले. गोटलंड आणि लांडसोर्ट यांसारखे खळगे कायमची निरीक्षणस्थाने बनली. या लोकांपैकी कोणालाही प्रदूषणाचा पुरावा गोळा करायचा नव्हता. त्यांना मासळी आणि प्रवाह समजून घ्यायचे होते. आधीच्या पिढीने एका हेतूने ठेवलेले कागद पुढच्या पिढीला दुसऱ्याच कामी येतात, हा इतिहासात वारंवार दिसणारा अनुभव इथेही आला.

६. तुटलेल्या नोंदी

पहिल्या महायुद्धाने हे सहकार्य मोडले. बाल्टिकमध्ये पाणसुरुंग पेरले गेले आणि संशोधन जहाजे बंदरात अडकली. युद्धानंतर नकाशा बदलला. फिनलंड स्वतंत्र झाला आणि १९१८ मध्ये त्याने स्वतःची समुद्र संशोधन संस्था उभी केली. दोन युद्धांच्या मधल्या काळात फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. दुसऱ्या महायुद्धात त्या पुन्हा थांबल्या.

या काळातील आलेख पाहिलेत, तर रेषा मध्येच तुटलेली दिसेल. त्या मोकळ्या जागेचा अर्थ समुद्रात काहीच घडले नाही, असा घेऊ नका. तिथे केवळ पाहणारा कोणी नव्हता. साधनचिकित्सेत आपण मौनाकडे जसे पाहतो, तसेच या मोकळ्या जागेकडे पाहायला हवे. हा धडा पुढे कामी येईल.

७. जुन्या वह्यांतून नवा प्रश्न: स्टिग फोन्सेलियस

दुसऱ्या महायुद्धानंतर बाल्टिकच्या काठचे जीवन झपाट्याने बदलले. रासायनिक खतांचा वापर वाढला, शहरे वाढली, संडासांना वाहते पाणी आले आणि ते सांडपाणी फारशा प्रक्रियेविना नद्यांतून समुद्रात गेले. नायट्रोजन आणि फॉस्फरस ही वनस्पतींची खते आहेत. शेतात जे काम करतात तेच ती समुद्रातही करतात. प्लवकांची वाढ अतोनात होते, ते मरून तळाशी जातात आणि तिथला ऑक्सिजन कुजण्याच्या क्रियेत संपतो. या प्रक्रियेला सुपोषण म्हणतात. नाव शुभ असले, तरी परिणाम तसा नाही.

१९६०च्या दशकात स्वीडिश सागररसायनशास्त्रज्ञ स्टिग फोन्सेलियस यांनी शतकाच्या सुरुवातीपासूनच्या नोंदी एकत्र केल्या आणि खळग्यांतील ऑक्सिजनची मालिका मांडली. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामातून स्पष्ट दिसले, की खोल पाण्यातील ऑक्सिजन दशकांमागून दशके उतरत आला आहे आणि काही ठिकाणी तो संपून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू जमू लागला आहे. सडक्या अंड्यांसारखा ज्याचा वास येतो तोच हा वायू.

इथे मोजमापाची एक मजेशीर अडचण आली. ऑक्सिजन शून्यावर आला, की विंकलरची बाटली पुढे काही सांगत नाही. पण शून्यानंतरही परिस्थिती बिघडतच असते. म्हणून हायड्रोजन सल्फाइड ‘उणे ऑक्सिजन’ म्हणून आलेखात दाखवण्याचा प्रघात पडला. त्याच्या एका रेणूचे सल्फेटमध्ये रूपांतर व्हायला ऑक्सिजनचे दोन रेणू लागतात, या हिशोबाने हा आकडा काढतात. जमाखर्चाच्या वहीत शिल्लक संपल्यावर कर्ज लिहावे, तसा हा प्रकार आहे. अशा पाण्यात नवा ऑक्सिजन आला, तर आधी कर्ज फिटते. मगच शिल्लक वाढते.

फोन्सेलियस यांनी कारणाबाबत घाई केली नाही. त्यांच्यासमोर दोन शक्यता होत्या. खोल पाण्याचा खारटपणाही शतकभरात थोडा वाढलेला दिसत होता. त्यामुळे दोन थरांमधली सीमा बळकट होऊन घुसळण घटली असेल. दुसरी शक्यता माणसाने टाकलेल्या पोषकद्रव्यांची होती. ऑक्सिजनच्या आकड्यांनी घसरण सिद्ध केली. पण त्यातला निसर्गाचा वाटा किती आणि माणसाचा किती, हे ठरायचे बाकी राहिले.

८. शीतयुद्धातील सहकार्य

हा प्रश्न ज्या काळात उभा राहिला, तो काळ सोपा नव्हता. बाल्टिकचा एक किनारा सोव्हिएत गटाकडे होता, एक ‘नाटो’च्या देशांकडे आणि स्वीडन व फिनलंड तटस्थ होते. पाणबुड्यांचा वावर असलेल्या समुद्रात खोली, खारटपणा आणि तापमान हे आकडे लष्करी दृष्टीनेही नाजूक असतात. तरीही बाल्टिकचे समुद्रशास्त्रज्ञ १९५७ पासून परिषदांमध्ये एकत्र येत होते.

मोठी अडचण दोन जर्मनींची होती. पूर्व जर्मनीला पश्चिमेचे देश मान्यता देत नव्हते, मग एका करारावर दोघांच्या सह्या कशा होणार? १९७२ च्या अखेरीस दोन जर्मनींमध्ये मूलभूत करार झाला, १९७३ मध्ये दोन्ही देश संयुक्त राष्ट्रांचे सभासद झाले आणि वाट मोकळी झाली. २२ मार्च १९७४ रोजी हेलसिंकी येथे बाल्टिकच्या काठच्या तेव्हाच्या सातही राष्ट्रांनी सागरी पर्यावरणाच्या संरक्षणाचा करार केला. जमीन, जहाजे आणि हवा अशा सर्व वाटांनी होणारे प्रदूषण एकाच करारात आणणारा हा या प्रकारचा पहिला प्रादेशिक करार मानला जातो. तो ३ मे १९८० रोजी अमलात आला. त्याखाली काम करणारा आयोग ‘हेलकॉम’ या नावाने ओळखला जातो.

१९७९ पासून समान निरीक्षण कार्यक्रम सुरू झाला. कोणत्या स्थानकावर, किती खोलीवर, कोणत्या पद्धतीने काय मोजायचे, हे लिहून ठरवले गेले. वेगवेगळ्या देशांच्या प्रयोगशाळा एकाच पाण्याचे नमुने तपासून आपले आकडे जुळतात का, हे पाहत. राजकारणात एकमेकांवर विश्वास नसलेल्या देशांनी एकमेकांच्या अनुमापनावर विश्वास ठेवावा, यासाठीची ही व्यवस्था होती. आकडे जुळत नसतील, तर भांडण देशांचे न राहता द्रावणाचे होई, आणि ते सोडवता येई.

९. न घेतलेल्या नोंदीने केलेली दिशाभूल

आता मोठ्या अंतर्वाहांकडे परत येऊ. १९५१ सालचा अंतर्वाह हा नोंदीतील सर्वांत मोठा मानला जातो. जुन्या याद्यांनुसार असे अंतर्वाह पूर्वी दशकाला पाच-सात वेळा येत. १९८०च्या दशकापासून मात्र यादीत ते दशकाला एखादाच दिसू लागले. १९७७ ते १९९३ हा दीर्घ साचलेपणाचा काळ गेला. मग १९९३ मध्ये मोठे पाणी आत आले, २००३ मध्ये पुन्हा आणि डिसेंबर २०१४ मध्ये पुन्हा.

यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला: हवामान बदलल्यामुळे अंतर्वाह विरळ झाले आणि म्हणून तळ गुदमरला. हा निष्कर्ष खरा असता, तर खत आणि सांडपाण्याचा दोष हलका झाला असता. पण जर्मनीतील वार्नेम्युंडे येथील बाल्टिक संशोधन संस्थेचे फोल्कर मोहरहोल्त्स यांनी २०१८ मध्ये ही यादीच तपासायला घेतली. समुद्राची पातळी, नद्यांचे पाणी आणि सामुद्रधुनीतील खारटपणा यांच्या १८८७ पासूनच्या नोंदींवरून त्यांनी अंतर्वाहांची मालिका नव्याने रचली. तेव्हा दिसले, की त्यांच्या संख्येत काही दशकांचे चढउतार आहेत, पण शतकभराची सलग घट नाही. १९८०च्या दशकापासून दिसणारी घट बरीचशी योग्य निरीक्षणांच्या अभावामुळे भासत होती.

हे उदाहरण वहीत नोंदवून ठेवा. पुराव्यातील पोकळी वास्तवातील पोकळी म्हणून वाचली गेली आणि त्यावर कारणमीमांसा उभी राहिली. पुरालेखांच्या बाबतीत इतिहासकाराला दिला जाणारा इशारा समुद्राच्या आकड्यांनाही तसाच लागू पडतो.

१०. निष्कर्ष काय निघाला?

पोषकद्रव्यांच्या बाजूचा पुरावा स्वतंत्रपणे जमत गेला. १९८५ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञांनी अंदाज मांडला, की १९०० पासून बाल्टिकमध्ये येणारा नायट्रोजन सुमारे चौपट आणि फॉस्फरस सुमारे आठपट झाला आहे. नंतरचे अंदाज याहून कमी आहेत, पण वाढ मोठी होती याविषयी दुमत नाही. २०१४ मध्ये याकोब कार्स्टेनसेन आणि सहकाऱ्यांनी शतकाहून अधिक काळच्या ऑक्सिजन आणि खारटपणाच्या नोंदी एकत्र करून दाखवले, की लिटरमागे २ मिलिलिटरपेक्षा कमी ऑक्सिजन असलेले तळाचे क्षेत्र सुमारे ५,००० चौरस किलोमीटरवरून ६०,००० चौरस किलोमीटरच्या वर गेले आहे. तुलनेसाठी, हिमाचल प्रदेशाचे क्षेत्रफळ ५५,६७३ चौरस किलोमीटर आहे. त्यांच्या मते मुख्य कारण जमिनीवरून येणारी पोषकद्रव्ये हेच आहे. पाणी तापत गेल्यामुळे परिस्थिती आणखी बिघडली.

निसर्गाचा वाटा शून्य आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. तळातील गाळाचे थर हे दुसरे साधन त्याविषयी सांगते. तळाशी किडे आणि शिंपले जगत असतील, तर ते गाळ उकरून थर मिसळून टाकतात. ऑक्सिजन नसेल, तर वर्षावर्षाचे पातळ थर वहीच्या पानांसारखे शाबूत राहतात. असे शाबूत थर हजारो वर्षांपूर्वीच्या आणि मध्ययुगाच्या काळातीलही मिळाले आहेत. म्हणजे हा समुद्र आपल्या घडणीमुळेच ऑक्सिजनच्या बाबतीत नाजूक आहे. विसाव्या शतकात माणसाने या नाजूक जागेवरच भार टाकला.

याची किंमत कोणी मोजली? कॉड माशाची अंडी खोल, पुरेशा खाऱ्या पाण्यात तरंगतात, आणि तिथे ऑक्सिजन नसेल तर मरतात. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात पूर्व बाल्टिकमधली कॉडची मासेमारी शिखरावर होती. नंतर ऑक्सिजनचा अभाव आणि अतिरेकी मासेमारी यांच्या दुहेरी तडाख्याने ती कोसळली. २०१९ मध्ये युरोपीय संघाने तिथल्या कॉडच्या मासेमारीवर तातडीची बंदी घातली. लहान होड्यांवर जगणाऱ्या कोळ्यांच्या वाट्याला अशा खतांचा परिणाम आला, जी त्यांनी कधी वापरलीच नव्हती.

उपाय सुरू आहेत. २००५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या नैर्ऋत्य भागातील सांडपाणी प्रक्रिया केंद्र सुरू झाले. २००७ मध्ये हेलकॉमने कृती आराखडा स्वीकारला आणि २०२१ मध्ये तो सुधारला. १९८०च्या दशकानंतर समुद्रात येणारी पोषकद्रव्ये खरोखरच घटली आहेत. तरीही तळ सावरलेला नाही. याचे कारण रसायनशास्त्रात आहे: ऑक्सिजन संपला, की गाळात लोहाशी बांधलेला फॉस्फरस सुटून पुन्हा पाण्यात येतो आणि नव्या प्लवकांचे पोषण करतो. आजोबांनी काढलेल्या कर्जाचे व्याज नातवाने भरावे, अशी ही स्थिती आहे. शिवाय या समुद्राचे पाणी पूर्ण बदलायला सुमारे ३० वर्षे लागतात. २०१४ च्या मोठ्या अंतर्वाहाने गोटलंड खळग्यात ऑक्सिजन पोहोचवला खरा, पण तो फार काळ टिकला नाही.

११. आपल्या अभ्यासासाठी एक तुलना

अरबी समुद्राच्या मध्यम खोलीवरही ऑक्सिजन अत्यल्प असलेला विस्तीर्ण थर आहे. त्याची घडण मात्र वेगळी आहे: तो मोठ्या प्रमाणात निसर्गतः तयार झालेला असून त्याचा संबंध मान्सूनशी, वर येणाऱ्या पोषक पाण्याशी आणि प्रवाहांशी आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने, जी १९६६ मध्ये स्थापन झाली, कांदोळीच्या किनाऱ्यासमोर १९९०च्या दशकापासून एका ठरावीक स्थानकावर नियमित मापन केले आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तिथे किनाऱ्याजवळच्या तळाच्या पाण्यातही ऑक्सिजन संपतो, हे त्यातून कळले. यात माणसाचा वाटा किती, हा प्रश्न इथेही विचारला जातो. आणि त्याचे उत्तर किती खात्रीने देता येईल, हे पुन्हा नोंदींच्या लांबीवरच ठरते.

१२. समारोप

आज बाल्टिकमध्ये संवेदके, स्वयंचलित तरंडे आणि प्रवासी जहाजांवर बसवलेली यंत्रे सतत आकडे पाठवतात. पण ही संवेदके कालांतराने चुकू लागतात. ती बरोबर आहेत ना, हे पाहण्यासाठी संशोधन जहाजावर अजूनही काचेच्या बुचाची बाटली भरली जाते, तपकिरी साका बसू दिला जातो आणि थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडले जाते. नवे आकडे जुन्यांशी जोडणारा दुवा तोच आहे.

लांबलचक निरीक्षण मालिका ही सरकारी खर्चात कात्री लावताना सहज नजरेत येणारी बाब असते, कारण या वर्षीच्या मोजणीचा उपयोग या वर्षी दिसत नाही. १९०५ साली गोटलंडच्या खळग्यावर मोजणी करणाऱ्याला आपला आकडा कशासाठी लागणार आहे, हे ठाऊक नव्हते. त्याने तो नीट मोजला आणि तारीख घालून ठेवला. एवढ्यामुळेच साठ वर्षांनी एका समुद्राची घसरण सिद्ध करता आली.

विचारासाठी प्रश्न

१. मासेमारीसाठी गोळा केलेल्या नोंदी पुढे प्रदूषणाचा पुरावा कशा ठरल्या? तुमच्या परिसरातील अशी एखादी नोंद (पावसाची, विहिरीच्या पातळीची, बाजारभावाची) सुचवा.

२. विंकलरची पद्धत आणि प्रमाण समुद्रजल यांशिवाय बाल्टिकचा इतिहास लिहिता आला असता का? कारणे द्या.

३. मोठ्या अंतर्वाहांच्या यादीचे उदाहरण घेऊन ‘पुराव्याचा अभाव’ आणि ‘घटनेचा अभाव’ यांतील फरक स्पष्ट करा.

४. शीतयुद्धाच्या काळात परस्परविरोधी देशांना सागरी निरीक्षणात एकत्र काम करणे का शक्य झाले, यावर टीप लिहा.